मदत हवी आहे: संवाद पाठ झालेत, पण मुलांना शेक्सपिअर अजून सापडत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी शाळेच्या नाट्यविभागाचं काम बघते. चौदा ते सतरा वयाची २४ मुलं, त्यातल्या १५ मुली. आजवर एकांकिका बऱ्याच केल्या, शेक्सपिअर पहिल्यांदाच. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' घेतलंय, मराठीतून. मूळ संहिता समोर ठेवून अनुवाद मी आणि मोठी मुलं मिळून करतोय. प्रयोगाला सहा आठवडे उरलेत.

हेच नाटक घेतलं कारण त्यात एकाच्या खांद्यावर सगळा भार नाही. 'हॅम्लेट' जवळजवळ ४,००० ओळींचं, त्यातला मोठा वाटा एकाच पोराला पेलावा लागतो. हे साधारण २,१०० ओळींचं आहे आणि प्रेमिकांची चौकडी (हर्मिया आणि तिचा लायसँडर, हर्मियाच्या मागे लागलेला डिमिट्रियस, त्याच्यामागे लागलेली हेलेना), राजा थिसिअस आणि त्याची वाग्दत्त वधू हिपोलिटा यांचा दरबार, ऑबेरॉन-टिटानिया या राजाराणीचं आणि त्यांच्या खोडकर पकचं पऱ्यांचं राज्य आणि नाटक बसवणारे सहा कारागीर असे चार घोळके असल्यामुळे प्रत्येकाला काहीतरी हाताला लागतं.

आता अडचण. परवा हेलेनाचं पहिल्या प्रवेशाच्या शेवटचं स्वगत घेतलं. पंचवीसएक ओळी आहेत. मुलीने एकदाही न अडखळता सगळं म्हटलं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पण मी नक्की कोणावर चिडलेय?" मी तिला सगळी गोष्ट परत समजावून सांगितली. दुसऱ्या वेळी तिने तेच संवाद तसेच्या तसे म्हटले, फक्त आवाज वाढवून. चूक तिची नाही. मी तिला माहिती दिली, हाताशी धरायला काही दिलं नाही, एवढं मला कळतंय.

असंच सगळ्यांचं आहे. यमक आलं की मुलं हेल काढतात. समोरचा बोलत असताना स्वतःची पुढची ओळ मनात घोकत उभी राहतात, ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं.

शिवाय नाटक दीड तासात बसवायचंय, म्हणजे जवळपास एक तृतीयांश कापावं लागणार. कात्री कुठे लावू?

जंगलात डिमिट्रियस हेलेनाला धमकावतो तो प्रवेश या वयाच्या मुलांकडून करून घ्यायला मला धीर होत नाहीये. हर्मिया करणारी मुलगी खरोखर ठेंगणी आहे आणि भांडणाच्या प्रवेशात तिच्या उंचीवरून जे बोललं जातं ते ऐकून परवा दोघं-तिघं खिदळली. ती हसली, पण तिला ते लागलं.

शेवटचं, सिंहाचं काम करणारा मुलगा. पाठांतराची त्याला इतकी भीती की 'सिंहाला बोलायचं नसतं ना?' असं विचारून त्याने कारागिरांच्या नाटकात सिंह होणाऱ्या स्नगची भूमिका मागून घेतली. पाचव्या अंकात सिंह बोलतो हे त्याला नंतर कळलं. ते भाषण काढून टाकू का?

ज्यांनी मुलांसोबत काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

*

प्रतिसाद:

ताई, हेलेनापासून सुरुवात करते, कारण तिच्या प्रश्नातच वाट आहे. ती कोणावर चिडलीये यापेक्षा 'या स्वगतात ती काय ठरवते' हे तिला शोधू द्या. सुरुवातीला ती म्हणते, मी हर्मियाइतकीच सुंदर आहे असं सगळं अथेन्स मानतं, पण त्याचा उपयोग काय, डिमिट्रियसला ते दिसत नाही. मग प्रेम डोळ्यांनी नाही, मनाने बघतं, म्हणून तर क्यूपिडला, म्हणजे प्रेमदेवाला, आंधळा रंगवतात, ही प्रसिद्ध ओळ येते. मग तिला आठवतं की हर्मिया दिसण्याआधी याच माणसाने माझ्यासमोर शपथांचा गारांसारखा वर्षाव केला होता. आणि तिथून ती एकदम वळते: हर्मिया पळून जाणार आहे हे मी त्याला जाऊन सांगते. जिवाभावाच्या मैत्रिणीचं गुपित फोडायचं ती ठरवते, तेही तो चार पावलं सोबत चालेल एवढ्याच आशेवर.

तालमीत असं करा. तिला चालायला लावा आणि विचार बदलला की दिशा बदलायला सांगा. ती स्वतःच कुठे वळते ते बघा, तुम्ही बोट दाखवू नका. मग समोर चार मुलं बसवा आणि तिला सांगा, 'मी करतेय त्यात काही वाईट नाही' हे यांना पटवून दे. पटलं नाही तर मुलांनी मान हलवायची. त्या काळी खेळ दिवसाउजेडी, उघड्या नाट्यगृहात होत. नटाला प्रेक्षकांचे चेहरे समोर दिसत असत. त्यामुळे हे स्वगत तिने हवेत बघून न म्हणता समोरच्या माणसांशी बोलायचंय.

*

प्रतिसाद:

पुढची ओळ घोकत उभं राहण्यावर जुना उपाय आहे आणि तो याच नाटकात लिहून ठेवलाय. तेव्हाच्या नटांना पूर्ण संहिता मिळत नसे. स्वतःचे संवाद आणि त्याआधीचे दोन-चार शब्द, म्हणजे क्यू, एवढंच कागदावर हातात असायचं. तिसऱ्या अंकात कारागिरांच्या तालमीत फ्लूट सगळे संवाद क्यूसकट एका दमात म्हणून टाकतो आणि नाटक बसवणारा क्विन्स वैतागतो, तो विनोद त्यावरच उभा आहे.

एका प्रवेशाच्या अशा पट्ट्या करा. प्रत्येकाला फक्त स्वतःची पट्टी. कोण बोलणार, किती वेळ बोलणार हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. पाठांतर पक्कं झालेलं असेल तर आधी न वाचलेला प्रवेश घ्या. माझ्या मुलांच्या माना पहिल्याच दिवशी बोलणाऱ्याकडे वळायला लागल्या होत्या.

हेल काढण्याबद्दल: यमकाच्या शब्दावर जोर द्यायचा नाही, क्रियापदावर द्यायचा. मुलाला फक्त ओळीतलं क्रियापद अधोरेखित करायला सांगा आणि ओळ संपली तरी विचार संपेपर्यंत श्वास तोडू नको म्हणा. यमक आपोआप ऐकू येतं.

अनुवादाचंही सांगतो. मुळात कारागीर गद्यात बोलतात, प्रेमिक बऱ्याचदा यमकात, दरबारी मंडळी बहुतेक निर्यमक छंदात, आणि पक व पऱ्या जादूच्या वेळी आखूड, नाचऱ्या ओळींत. हा फरक मराठीत टिकवलात तर निम्मं दिग्दर्शन तिथेच होतं. पकच्या मंत्रांना ओवी लावून बघा. तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड, त्या आखूड चरणावर प्रेमात पाडणाऱ्या जादूच्या फुलाचा रस डोळ्यांत पिळायचा. काय सुंदर बसतं ते!

*

प्रतिसाद:

कात्री लावताना अख्खे प्रवेश उडवू नका, भाषणांच्या आतून कापा. यमकाच्या जोडीतली एक ओळ काढली तर दुसरीही काढा, नाहीतर ती लंगडी राहते. काढलेली ओळ दुसऱ्या कोणाचा क्यू तर नाही ना, तेही बघा.

थिसिअसच्या शिकारी कुत्र्यांचं चौथ्या अंकातलं वर्णन बिनधास्त काढा, फक्त शिंगांचा आवाज ठेवा, कारण त्यानेच प्रेमिक जागे होतात. ऑबेरॉन फुलाची गोष्ट सांगतो त्यातली डॉल्फिनवर बसलेली जलपरी गेली तरी चालेल. क्यूपिडचा बाण चुकून पांढऱ्या फुलावर पडला आणि ते जांभळं झालं, हे मात्र हवंच.

टिटानियाच्या हवामानाच्या भाषणाला पस्तीसहून जास्त ओळी आहेत. सगळे तेच आधी कापतात. कृपा करून पूर्ण कापू नका. राजाराणीच्या भांडणामुळे नद्या फुगल्यात, बैलाने ओढलेलं जू वाया गेलंय, कोवळं पीक शेतातच कुजलंय, ऋतू उलटेपालटे झालेत. हे गेलं की पऱ्यांचं भांडण घरगुती कुरबुर होऊन बसतं. बारा-चौदा ओळी ठेवा आणि जास्तीच्या मुलींना तिथे वापरा. तुमच्याकडे मूळ पात्रांपेक्षा मुलं थोडी जास्त आहेत. एकेका आपत्तीची ओळ एकेका परीने उचलली तर जंगल बोलायला लागतं.

थिसिअस-ऑबेरॉन आणि हिपोलिटा-टिटानिया एकाच नटाने करण्याची पद्धत दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या १९७० च्या प्रयोगानंतर फार पसरली. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. चार मुलांना चार मोठ्या भूमिका मिळतात, त्या दोघांत का कोंबायच्या?

आणि दोन प्रवेशांच्या मध्ये अंधार करू नका. एक घोळका विंगेत शिरतोय तोवर दुसऱ्याने पहिली ओळ बोलायला सुरुवात करायची. दहा अंधार वाचले की पाच मिनिटं वाचतात.

*

प्रतिसाद:

डिमिट्रियस आणि हेलेनाचा प्रवेश टाळू नका, पण त्याची तालीम वेगळी घ्या. कोण कुठे हात लावेल, कुठे लावणार नाही, हे आधी दोघांना विचारून ठरवा. 'थांब' म्हटलं की कोणीही असो, तिथल्या तिथे थांबायचं. तालमीला दोन मोठी माणसं हजर असू द्या.

मी हा प्रवेश एकही स्पर्श न करता बसवला होता. दोघांमध्ये कायम पाच पावलांचं अंतर. ती एक पाऊल पुढे, तो एक मागे. आणि 'जंगलात मी तुझं काही बरंवाईट करीन' असं तो म्हणतो तिथे पहिल्यांदा तो पुढे येतो आणि ती मागे सरते. प्रेक्षागृहात चिडीचूप झालं. ऑबेरॉन तिथेच अदृश्य उभा राहून ऐकत असतो, हे संहितेतच आहे. त्याला उजेडात ठेवा. हे बरोबर नाही, असं बघणारं कोणीतरी रंगमंचावर आहे हे प्रेक्षकांना दिसू द्या. तो यात हात घालतो तो मुळात तिच्यासाठीच.

भांडणाचा प्रवेश आकड्यांवर बसवा, आधी अगदी संथ. कोण हर्मियाला धरतं, ती कुठून निसटते, सगळं ठरलेलं. प्रयोगाच्या दिवशीही पडदा उघडायच्या आधी एकदा फिरवून घ्या.

हर्मियाचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिच्याशी एकटीशी बोला आणि तिला खराखुरा पर्याय द्या: भूमिका बदलायची का, ते शब्द कमी करायचे का. तिने तीच भूमिका हवी म्हटलं तर तो प्रवेश तिच्या हातात द्या. हेलेना म्हणतेच की ही चणीने लहान असली तरी जहाल आहे. त्या भांडणात हेलेना हर्मियाला घाबरून असते. खिदळणाऱ्यांना तुम्ही एकदा सगळ्यांसमोर सांगा: रंगमंचावरचा शब्द रंगमंचावरच राहील, मधल्या सुट्टीत तो कोणी तिला म्हटला तर चालणार नाही.

*

प्रतिसाद:

सिंहाचं भाषण काढू नका! स्नग पहिल्याच भेटीत विचारतो, सिंहाचे संवाद लिहून झाले असतील तर आधी द्या, मला पाठ व्हायला वेळ लागतो. क्विन्स म्हणतो, नुसती डरकाळी फोडायचीये, आयत्या वेळी कर. तुमच्या मुलाची भीती ४०० हून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलीये. हे त्याला वाचून दाखवा. पाचव्या अंकात स्नग उभा राहून सांगतो की बायांनो घाबरू नका, मी सुतार स्नग आहे, सिंह नाही. एवढंच आहे ते भाषण.

आणि कारागिरांना विनोदी करू देऊ नका. त्यांच्या लेखी ती शोकांतिकाच आहे. त्यांनी जीव तोडून केली की प्रेक्षक हसतात. त्यांच्या नाटकातला नायक बॉटम मरण्याआधी, प्रेक्षकांत बसलेली हिपोलिटा म्हणते, मला या माणसाची कीव येतेय. ती खरीच यायला हवी.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

पट्ट्या केल्या. चौथ्या अंकातला जागं होण्याचा प्रवेश कोणी वाचलेला नव्हता, तोच घेतला. पहिल्या दहा मिनिटांत प्रचंड गोंधळ. एकदा जवळपास मिनिटभर सगळे गप्प, कारण क्यू ज्याचा होता तोच विसरला होता. पण त्या मिनिटात नऊच्या नऊ जण एकमेकांकडे बघत होते. हे मला तीन आठवड्यांत मिळालं नव्हतं.

हेलेना चालली. 'शपथांच्या गारा' या ओळीवर ती वळायची ती थांबलीच आणि मग पुढचं सगळं हळू आवाजात बोलली. समोरच्या चौघांपैकी तिघांनी मान हलवली. ती चिडून म्हणाली, "अरे पण मी तरी दुसरं काय करू?" ही ओळ संहितेत नाही, पण आता ती प्रत्येक वेळी मनात तेवढं म्हणूनच निघते.

हर्मियाला भूमिका सोडायची नाहीये. तिने दोन शब्द काढायला सांगितले, काढले. आधी खिदळलेल्यांपैकी एकाला तिने स्वतः निवडून भांडणात तिला धरणारा लायसँडर केलंय (अदलाबदल तिच्याच सूचनेवरून).

सिंहाला तो भाग वाचून दाखवला. त्याने पुस्तक हातात घेऊन ती ओळ स्वतः दोनदा वाचली. भाषण अजून अर्धंच पाठ आहे, पण ते काढायचं नाही असं त्यानेच बजावलंय.

एक छोटा प्रश्न राहिलाय. कारागिरांच्या नाटकात स्टार्व्हलिंग चंद्र होऊन कंदील घेऊन येतो. कंदील खरा पेटवावा असा मुलांचा हट्ट आहे. काय करू?

*

प्रतिसाद:

सेलचाच घ्या. त्याच्या हातात काटेरी झुडूप आणि शेजारी कुत्राही असतो, सिंहाची आयाळ तुम्ही बहुधा लोकरीची किंवा सुतळीची कराल, आणि एवढ्याशा जागेत सहा जण. उघडी ज्योत नकोच. काचेला आतून पिवळा जिलेटिन कागद लावा, मागच्या रांगेपर्यंत चंद्र दिसतो.