लहानपणच्या पुस्तकातली गोष्ट नको, एखादा फुटकळ तपशील सांगा

अर्धीपोथी:
लहानपणी आवडलेल्या पुस्तकांवर इथे याआधीही धागे निघालेत आणि नावांच्या लांबलचक याद्याही झाल्यात. मला यादी नको. पुस्तक आठवतंय, नायक आठवतोय, कथानकाचा मात्र पार भुगा झालाय आणि तरी एखादी क्षुल्लक गोष्ट डोक्यातून जाता जात नाही, असं तुमचं काही आहे का?

माझं सांगते. ऐंशी दिवसांत पृथ्वीला फेरी मारणारा ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग. माझी प्रत संक्षिप्त होती, पाठ उसवलेली, पानं जाड दोऱ्याने टाके घालून धरलेली. हत्ती, आगगाड्या, बोटी, मागावरचा पोलीस, सगळ्याची आता सरमिसळ झालीय. कोण कुठे चढलं नि कुठे उतरलं, विचारू नका. पण निघायच्या गडबडीत पासपार्तू हा नोकर आपल्या खोलीतला गॅसचा दिवा मालवायला विसरतो, ते पक्कं लक्षात आहे. गाडी सुटल्यावर बेट्याला आठवतं. फॉगसाहेब ढिम्म. जळू दे म्हणतात, खर्च तुझ्याकडून. पैज जिंकणार की हरणार याची मला तेव्हा काडीचीही फिकीर नव्हती. ही मंडळी कुठल्याही संकटात सापडोत, माझं आपलं एकच: तिकडे गॅस जळतोय! अजूनही कुलूप लावून खाली उतरले की परत वर जाऊन बघून येते. घरचे हसतात.

तर येऊ द्या. पुस्तक थोर असायची अट नाही.

टाकबोरू:
रॉबिन्सन क्रूसो. वाळूतलं ते पाऊल नव्हे, ते सगळ्यांनाच आठवतं. माझ्या लक्षात राहिलीय ती दाण्याची पिशवी. उंदरांनी दाणे फस्त करून नुसता कोंडा ठेवलेला, पिशवी दुसऱ्या कामाला हवी म्हणून हा पठ्ठ्या ती खडकापाशी झटकतो आणि विसरून जातो. पाऊस पडून गेल्यावर तिथे हिरवे कोंब, मग चक्क जवाची कणसं. आधी त्याला देवाचा चमत्कार वाटतो, मग पिशवी आठवते. आणि खरी गंमत पुढे आहे. चौथं वर्ष उजाडेपर्यंत तो त्यातला एक दाणा तोंडात टाकत नाही, आलेलं सगळं बियाण्याला. शाळकरी वयात मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. समोर आहे ते खाऊन मोकळं व्हावं ना!

मोजपट्टी:
अर्धीपोथी, तुमच्या संक्षिप्त आवृत्तीत गॅसचा शेवट गाळला असावा, म्हणून देतो. फॉग पैज जिंकतो, पण बक्षिसाचे २०,००० पौंड जवळजवळ सगळे प्रवासातच गेलेले. उरलेल्या हजाराचे तो दोन भाग करतो, एक पासपार्तूला आणि एक, ऐका, मागावर असलेल्या त्या पोलिसालाच. आणि पासपार्तूच्या भागातून १,९२० तासांचा गॅस वजा! शेव्हिंगचं पाणी दोन अंश थंड आणलं म्हणून आधीच्या नोकराला हाकलणारा माणूस हा, सोडतोय कसला.

पण हिशोब बघा. १,९२० तास म्हणजे बरोबर ऐंशी दिवस. निघाले २ ऑक्टोबर १८७२च्या रात्री आणि लंडनला परतले २० डिसेंबरच्या रात्री. त्यांना वाटत होतं २१ तारीख आहे, कारण पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला चार मिनिटं, असा पुरा एक दिवस कमावलेला. पैज जिंकली ती त्याच दिवसावर. म्हणजे लंडनमधला दिवा जळला एकोणऐंशी दिवस, १,८९६ तास. फॉगने पैजेसाठी तो दिवस धरला, पण गड्याचं बिल लावताना विसरला. पासपार्तूचे चोवीस तास बुडाले.

अर्धीपोथी:
मोजपट्टी, तुम्हाला दंडवत! इतकी वर्षं मी त्या दिव्याची काळजी वाहिली आणि बिल चुकीचं होतं हे आज कळतंय. गड्याने भांडायला हवं होतं.

साखरझोप:
पाडस, राम पटवर्धनांचा अनुवाद. बापाला साप चावतो आणि विष ओढून घ्यायला तो तिथल्या तिथे हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतो. बाजूला तिचं पिल्लू उभं. त्या पानापाशी मी पुस्तक मिटून ठेवलं ते ठेवलंच. पुढचं कॉलेजात गेल्यावर वाचलं.

जुनाट:
आमच्या पिढीला चांदोबा. मराठीत १९५२ पासून. शंकर यांचं ते चित्र आठवतं का, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम? माझा सवाल कायम तोच. बोललं की वेताळ झाडावर परत जातो हे ठाऊक असताना राजा दर महिन्याला तोंड उघडतो कशाला? मोठी भावंडं म्हणायची, उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं होतील, विसरलास का. बरं. पण मग माहीत नसलेलं विचारलं तर सुटेल की!

पुढे कथासरित्सागराचं भाषांतर हाती लागलं, तेव्हा कळलं की मुळात तसंच होतं. चांदोबाने नव्या गोष्टी रचून राजाला वर्षानुवर्षं चालवत ठेवलं, पण जुन्या पंचविशीत तो सुटतो. शेवटची गोष्ट अशी: राजा आणि राजपुत्राला रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात. ठरतं असं की मोठ्या पावलांची असेल ती बापाची, लहान पावलांची मुलाची. निघतात मायलेकी, आणि मोठी पावलं लेकीची! शब्द दिलेला, म्हणून बाप लेकीशी लग्न करतो आणि मुलगा तिच्या आईशी. दोन्हीकडे मुलं होतात. वेताळ विचारतो, या मुलांचं एकमेकांशी नातं काय? विक्रम गप्प. पहिल्यांदाच.

टाकबोरू:
जुनाट, कागद घेऊन बसलो. दोन्हीकडे मुलगेच धरले. बापाचा मुलगा राजपुत्राचा सावत्र भाऊ, म्हणजे राजपुत्राच्या मुलाचा काका. राजपुत्राचा मुलगा त्या लेकीचा सावत्र भाऊ, म्हणजे तिच्या मुलाचा मामा. एक काका, दुसरा मामा, झालं की! एवढ्यासाठी राजा अडला?

जुनाट:
हळू बोला, वेताळ निघाला झाडाकडे.