भरती-ओहोटीच्या करंटची वीज, गणित जुळून नाही रायलं, अर्जंट मदत हवी

गोसेवाला: राजेहो अर्जंट आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट, समुद्राच्या भरती-ओहोटीच्या प्रवाहात टर्बाइन ठेवला तर किती वीज येईल याचा अंदाज काढायचा. माझी सरासरी २.६ किलोवॅट येते, सरांचं उत्तर ४.३. तीन दिवस झाले एक्सेल घासून रायलो, फॉर्म्युला चार वेळा पायला, बरोबर आहे. सोमवारी दाखवायचं आहे. काऊन चुकून रायलं सांगा नं. गावात रात्री नेट नसते, दिवसा उत्तर द्या.

खाडीकाठी: रोटर केवढा? वेग किती? सीपी, म्हणजे पाण्याच्या ताकदीतला किती हिस्सा टर्बाइन उचलतो तो, किती धरला? जागा कोणती? आम्हाला काय स्वप्न पडणार आहे का.

धानवाला: भाऊ भंडाऱ्यात समुद्र कुठून आणतं? आपल्या कालव्यातच टाक नं टर्बाइन. पाणी वाहून रायलं फुकट, मोटरीले लाईट नाही.

निवृत्त_ओव्हरसियर: फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून भरतीवर वीज होते, २४० मेगावॅट. कोरियातलं सिहवा २५४ चं. तिथे बंधारा घालून पाणी अडवतात. बंधाऱ्याचाच प्रोजेक्ट घ्या.

खाडीकाठी: काका त्याने बंधारा विचारलाच नाही, वाहत्या पाण्यातल्या टर्बाइनचं विचारतोय.

निवृत्त_ओव्हरसियर: मी माहिती दिली. घ्यायची तर घ्या.

गोसेवाला: सॉरी, मले वाटलं हे सर्वांले माहीत असते. रोटरचा व्यास ३ मीटर, सीपी ०.३५, घनता १०२५, जास्तीत जास्त वेग २ मीटर प्रति सेकंद, सरांनी दिलेला. त्याची सरासरी १.२७ येते, ती टाकली. जागा खंभातचं आखात. आणि ग्राफमध्ये भरती फुल असते तेव्हा पॉवरही सर्वात जास्त, टाइड टेबलवरून काढला.

खाडीकाठी: घ्या, दोन्ही चुका एकदमच सापडल्या. पॉवर वेगाच्या घनावर चालते. तू आधी सरासरी काढून मग तिचा घन केलास, उलटं कर: दर तासाच्या वेगाचा घन, मग त्या घनांची सरासरी. वेग साइन वेव्हसारखा धरला तर घनांची सरासरी येते कमाल वेगाच्या घनाच्या ०.४२४ पट, तुझ्या पद्धतीने ०.२५८ पट. कमाल वेगाला १०.१ किलोवॅट निघतात, ते ०.४२४ ने गुण, आले सरांचे ४.३.
ग्राफचं म्हणशील तर टाइड टेबलमध्ये पाण्याची उंची असते, वेग नव्हे. बऱ्याच खाड्यांत पूर्ण भरतीला पाणी थबकतं, जोर मधल्या वेळात असतो, सुमारे तीन तासांनी. सगळीकडे असंच नसतं, म्हणून मोजलेला वेग लागतो.

धानवाला: म्हणजे कालव्यात चालन का नाही?

गोसेवाला: आयला. समुद्र मी एकदाच पायला, तोही अलिबागले बारावीच्या सहलीत, तेव्हा ओहोटी होती. एवढ्या बारकाईनं कोण पायते.

खाडीकाठी: आणखी एक, रोज कमाल २ धरू नकोस. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे कमजोर भरती, हे चक्र पावणेपंधरा दिवसांचं. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ ची, दोन्ही मिळून चढउतार होतो. अंदाज तिथूनच येतो, हवामानासारखा डोकं खात नाही. किमान महिनाभराचं रेकॉर्ड घे.

निवृत्त_ओव्हरसियर: वाऱ्याने, पुराने फरक पडतो, "डोकं खात नाही" म्हणणं चूक आहे.

खाडीकाठी: थोडा पडतो काका, मान्य.

गोसेवाला: ४.३० आलं!!! पण महिनाभराचं रेकॉर्ड सोमवारपर्यंत कुठून आणू, कोणाकडं असन तर टाका. ग्राफ पूर्ण नवीन काढावा लागते आता.

धानवाला: कालव्याचं राहूनच गेलं.

खाडीकाठी: कालव्यात वेग निम्मा म्हणजे १ मीटर धरला तर वीज आठवा हिस्सा. त्यात आवर्तन सुटलं तरच पाणी.

धानवाला: आवर्तन सुटते तेव्हाच तर मोटर लावा लागते. व्यास वाढवला तर?