फुकट मिळालेली वस्तूसुद्धा जाहिरातच

सोशल मीडियावर वस्तूंची शिफारस करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी 'पैसे घेतले असतील तरच ती जाहिरात' असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांत फुकट वस्तू, सवलती, सहलीसुद्धा धरल्या आहेत. व्हिडिओ असेल तर असं काही मिळाल्याची माहिती व्हिडिओतच हवी, नुसती खालच्या वर्णनात नाही. हॅशटॅगच्या गर्दीत तर नाहीच. प्रत्यक्षात? 'मी रोज चेहऱ्याला हेच सीरम लावते' हे ठणकावून आणि 'प्रायोजित' हा शब्द 'आणखी पाहा' दाबल्यावर! शिवाय एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, की पुढे काय दाखवायचं ते ठरवणारा अ‍ॅपचा अल्गोरिदम त्याच सीरमचे आणखी चेहरे पुढ्यात आणून टाकतो. मग आठवी-नववीतल्या मुलींना वाटणारच ना, की सगळ्याच हे लावतात? मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.