भीमेच्या काठी पाण्याच्या तपासणीचा फलक असावा का?

धागाकर्ता, सोलापूर:
माझा भाचा गेल्या मे महिन्यात मित्रांबरोबर हत्तरसंग कुडलला, भीमा-सीना संगमावर पोहायला गेला आणि परतल्यावर चार दिवस जुलाब व तापाने अंथरुणाला खिळून होता. ते पाण्यामुळेच झाले असे मी सिद्ध करू शकत नाही आणि डॉक्टरांनीही तसे ठामपणे सांगितले नाही. मात्र त्या दिवशी पाणी पोहण्याजोगे होते की नाही, हे संगमावर उभ्या असलेल्या माणसाने कसे ओळखायचे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नानाच्या पाण्यासाठी निकष ठरवलेले आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत असावेत आणि कोणत्याही परिस्थितीत २५०० च्या वर जाऊ नयेत; विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा. राज्याचे मंडळ नद्यांचे नमुने घेतेही, पण ते आकडे अहवालात राहतात आणि पोहणारी मुले अहवाल वाचत नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की पंढरपूरचे घाट आणि कुडलचा संगम अशा गर्दीच्या ठिकाणी उन्हाळ्यात व वारीच्या आधी दर आठवड्याला नमुना घ्यावा आणि निकाल तिथेच, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावा.

प्रतिसाद, पंढरपूरकर:
मी या सूचनेच्या विरोधात आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात येते, तिथून पुढे काठच्या गावांचे नाले मिळतात, आणि हे सर्व आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. शेकडो मैल चालत आलेला वारकरी फलक वाचून चंद्रभागेत न उतरता मागे फिरेल, असे ज्याला वाटते त्याने आषाढीला एकदा वाळवंटात उभे राहून पाहावे. जो पैसा आहे तो नाले अडवण्यावर आणि मैला शुद्ध करण्यावर खर्च व्हावा. फलक लावला की आपले काम झाले असे प्रशासन मानेल, ही माझी खरी भीती आहे.

प्रतिसाद, पाणी तपासणीचा अनुभव असलेला:
मी काही वर्षे अशाच प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून एक अडचण सांगतो. निर्जंतुक बाटलीत घेतलेला नमुना बर्फात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. मग लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेल्या नळ्यांमध्ये जिवाणूंमुळे वायूचा बुडबुडा धरतो का, हे पाहण्यात एक ते दोन दिवस जातात, आणि ते विष्ठेतलेच आहेत ना याची ४४.५ अंश तापमानाला खात्री करून घेण्यात आणखी एक दिवस जातो. शुक्रवारचा निकाल सोमवारी हाती येतो. तेवढ्यात वळवाचा पाऊस पडून नाले वाहिले, किंवा सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडले, तर तळाचा गाळ ढवळून त्यात टिकून राहिलेले जिवाणू वर येतात. अशा वेळी ‘पाणी सुरक्षित’ असा फलक उभा असेल, तर तो फलक नसण्यापेक्षा अधिक घातक ठरेल.

धागाकर्ता:
ही हरकत मला पूर्ण मान्य आहे आणि माझी सूचना त्यानुसार बदलतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशातही एका दिवसाच्या आकड्यावर भिस्त नाही. तिथे अनेक हंगामांच्या नमुन्यांवरून त्या जागेची प्रत ठरते, आणि पावसासारख्या कारणाने पाणी साधारण ७२ तासांपर्यंत बिघडण्याची शक्यता असेल तेव्हा वेगळा इशारा लावतात. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पॅरिसच्या सेन नदीतील पुरुषांची ट्रायथलॉन पावसानंतर पाणी बिघडल्यामुळे एक दिवस पुढे ढकलावी लागली होती. तेव्हा आपल्या फलकावर ‘आज सुरक्षित’ असे कधीच लिहू नये. त्या जागेची हंगामातील प्रत लिहावी, आणि मोठ्या पावसानंतर किंवा पाणी सोडल्यावर तीन दिवस उतरू नये, एवढे ठळक लिहावे.

पंढरपूरकरांना माझे उत्तर असे की ज्या नाल्यांचा बंदोबस्त तुम्हाला हवा आहे, तो झाला की नाही हे मोजल्याशिवाय कळणार कसे? शहराच्या वर एक आणि शहराच्या खाली एक असे दोन नमुने एकाच दिवशी घेतले, तर पुण्याहून किती घाण आली आणि आपण स्वतः किती भर घातली, हे निदान वेगळे दिसेल. नाकाला वास येतो, पण नितळ आणि वास नसलेल्या पाण्यातही हे जिवाणू असू शकतात.

प्रतिसाद, मोहोळचे एक शिक्षक:
मला दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट राहून गेलेली दिसते. पाठीला डबा बांधून नदीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या जिवाला जिवाणूंपेक्षा वाळूउपशाने पडलेल्या खड्ड्यांचा धोका मोठा आहे, कारण गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोहात पडते. फलक उभारायचाच असेल तर त्यावर पाण्याची खोली आणि खड्ड्यांची जागा आधी लिहावी, तपासणीचे आकडे त्याखाली यावेत.

पंढरपूरकर:
घाटावरच्या फलकाबद्दल माझे मत बदललेले नाही. मात्र शहराच्या वर आणि खाली असे दोन नमुने घेऊन त्यांचे निकाल नगरपालिकेच्या दारावर लावणार असाल, तर त्या मागणीच्या अर्जावर मी सही करीन.