मदत हवी आहे : तहदीग भांड्याला चिकटतंय

लेकीची इराणी मैत्रीण रविवारी जेवायला येणार आहे. ती पुण्यात शिकते, घरी जाऊन दोन वर्षं झाली. तिच्यासाठी तहदीग करायचंय, म्हणजे भाताच्या तळाची ती सोनेरी, कुरकुरीत खरपुडी.

दोनदा करून पाहिलं. 2 वाट्या बासमती तासभर भिजवला, मिठाच्या पाण्यात बोटचेपा शिजवून निथळला. थोड्या भातात दही, तेल, केशराचं पाणी कालवून तळाशी थापलं, वर उरलेला भात. झाकणाला फडकं गुंडाळून मंद आचेवर 45 मिनिटं वाफ दिली. वरचा भात मोकळा, सुरेख. खरपुडी मात्र जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्याला घट्ट धरून बसली, उलथन्याने तुकडे निघाले. दुसऱ्यांदा मधोमध करपली आणि कडा पांढऱ्याच.

नॉनस्टिकच घ्यावं का? तळाला बटाट्याच्या चकत्या लावल्या तर सुटेल का? सुरुवातीला आच किती वेळ मोठी ठेवता?

गोडाचं रंगीनक जमलंय. खजुरात अक्रोड भरून वर लोण्यात भाजलेली कणीक आणि दालचिनी. कणीक भाजताना घरभर लाडवांचा वास सुटला होता!

कुणी केलं असेल तर शनिवारपर्यंत नक्की सांगा.