पायाखालची पृथ्वी जाणवली तो क्षण – तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण जरा चमत्कारिक आहे, पायाची नखं. सांगते.

दोन वर्षांपूर्वी आइसलंडला गेले होते. तिथे थिंगवेलिर म्हणून जागा आहे, उत्तर अमेरिकेची आणि युरेशियाची अशा दोन प्लेट्स (पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) तिथे एकमेकींपासून लांब सरकतायत, वर्षाला साधारण २ सेंटीमीटर. दोन कड्यांच्या मधून पायवाट जाते, तिथे ग्रुपमधले सगळे हात पसरून 'एक हात अमेरिकेत एक हात युरोपात' असे फोटो काढत होते, मीपण काढला, खोटं कशाला बोलू. मग गाईड हसून म्हणाला की तुम्ही मधे नाही, भेगेच्या एका काठाला उभे आहात. भेग म्हणजे ही अख्खी दरी, काही किलोमीटर रुंद, मधली जमीन खचत गेलीय आणि दुसरा काठ तो तिकडे लांब दिसतोय. सगळ्यांचा पोपट. मला तेव्हा बाकी काही वाटलं नाही, थंडीनं कान बधीर झाले होते.

मागच्या महिन्यात घरी पायाची नखं कापत बसले होते आणि एकदम आठवलं की पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, म्हणजे वर्षाचे दोन सेंटीमीटरच्या आसपास. नेलकटर हातात धरून तशीच बसले. ती दरी आणि माझा अंगठा एकाच स्पीडनं चाललेत! तिथे जाऊन जे झालं नाही ते बाथरूमच्या स्टुलावर झालं.

तर तुमचा असा क्षण लिहा. 'निसर्ग किती सुंदर' टाइप नको, काय दिसलं काय झालं ते लिहा. लांब गेलात, घरीच होतात, काहीतरी वाचवायला गेलात आणि फसलात, सगळं चालेल.

*

आइसलंडवरून आठवलं. तिथे ओक नावाची हिमनदी होती. होती म्हणजे आता नाहीये. हिमनदी म्हणवून घ्यायला बर्फ स्वतःच्या वजनानं सरकावा लागतो, हिचा इतका पातळ झाला की सरकेचना, म्हणून २०१४ मध्ये तिला मृत ठरवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे धातूची पाटी बसवली, त्यावर तेव्हाचं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाणपण कोरलंय, ४१५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४१५ भाग.

मी चढून गेलो, नुसते दगड, आणि पाटीपाशी उभं राहून काय करायचं तेच कळेना. एखाद्याच्या मयताला जावं आणि तिथे गेल्यावर लक्षात यावं की अरे आपण या माणसाला कधी भेटलोच नव्हतो, तसं काहीतरी. बिस्किटाचा पुडा काढला होता तो परत सॅकमध्ये ठेवला. का ते माहीत नाही.

*

मी ऑलिव्ह रिडले कासवांच्या कामाला एक सीझन व्हॉलंटियर होते. मला वाटलं पिल्लं ओंजळीत घेऊन समुद्रात सोडायची असतील, हातात काय आलं तर वही, पेन्सिल आणि थर्मामीटर. मादी रात्री येते, मागच्या पायांनी वाळू उकरून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते, मग वरून स्वतःच्या अंगानं थापटते (खरंच थापटते, धप धप आवाज येतो) आणि जाते ती जातेच, परत बघायलासुद्धा येत नाही. पुढचे पन्नासेक दिवस सगळं वाळूच करते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त, म्हणून ते थर्मामीटर. हे कळल्यावर उन्हाकडे बघायची माझी नजरच बदलली.

पण क्षण तो नाही. पिल्लं बाहेर आली त्या पहाटे आम्हाला एकच ताकीद होती, उजेड करायचा नाही. पिल्लू उजेडाकडे चालतं आणि मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राकडची बाजूच जास्त उजळ दिसते, तेवढ्या एका भरवशावर ती पाण्यात पोचतात. आणि मी गाढवासारखी वेळ बघायला फोन काढला. दोन सेकंद, शप्पथ. सरळ चाललेलं एक पिल्लू थांबलं, वळलं, आणि माझ्याकडे यायला लागलं. हातभर आलं. मी घाबरून फोन वाळूत खुपसला (स्पीकर अजून खरखरतो). कोणीही मला ओरडलं नाही, ते जास्त लागलं. पिल्लू बराच वेळ तसंच थांबून राहिलं, मग एक फ्लिपर, दुसरा फ्लिपर करत फिरलं आणि गेलं. एवढ्याशा चमच्याएवढ्या जिवानं मला चंद्र समजून विश्वास टाकला होता, अजून आठवलं की कसंतरी होतं.

*

अगदी अगदी. लाल उजेड चालतो असं ऐकून लोक फ्लॅशवर लाल कागद चिकटवून आणतात आणि कासवांच्या तोंडावर मारतात. तसं नसतं हो ते.

*

माझा अनुभव गोरिला न बघितल्याचा आहे. चालेल ना?

रवांडाला गेलो होतो, कितीतरी महिने आधी परमिट काढलेलं. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला फक्त आठ पर्यटक, तेही एक तास, अंतर राखून. कारण ते आपल्या इतके जवळचे नातेवाईक आहेत की आपली साधी सर्दी त्यांना लागते आणि जिवावर बेतू शकते. हे मला पाठ होतं. आदल्या रात्रीपासून नाक गळत होतं ते मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. गोळी घेऊन जाऊन येऊ, कोणाला कळतंय, असा सरळ सरळ चोरटा विचार. सकाळी सगळे जमलो आणि रेंजर नियम सांगत असताना मला दोन सटासट शिंका आल्या.

तिनं बाजूला घेतलं. आवाज न चढवता विचारलं, घरात तान्हं बाळ असतं तर अशा नाकानं त्याचा मुका घेतला असतास का? विषय संपला.

बाकीचे वर गेले आणि मी जंगलाच्या कडेला थांबलो. तिथे एक दगडी बांध आहे, रानरेडे शेतात उतरू नयेत म्हणून घातलेला. एका बाजूला बटाट्याची शेतं अगदी बांधाला खेटून, दुसऱ्या बाजूला एकदम जंगल, मधे काही म्हणजे काही नाही. दिवसभर तिथे बसून मला पहिल्यांदा कळलं की 'अभयारण्य' म्हणजे किती थोडी जागा असते ते. १९८१ च्या गणतीत विरुंगाच्या डोंगरांत २५४ पर्वतीय गोरिला उरले होते. आता तिथले आणि युगांडातल्या बविंडीच्या जंगलातले मिळून हजाराच्या वर गेलेत, २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. आणि एवढ्या लोकांच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीत मी माझी शिंक घेऊन घुसणार होतो. बाकीचे खाली आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे असे उजळलेले, मला फोटो दाखवायला लाजत होते बिचारे. मी म्हटलं दाखवा रे, लांबून बघतो.

*

कृपया हलके घ्या, पण विमानानं अर्धं जग ओलांडून पृथ्वीशी नातं जोडायला जायचं हे मला कधी पचलेलं नाही. जाताना तिच्याच तोंडावर धूर सोडायचा आणि पोचल्यावर गहिवरून यायचं.

*

गोरिलावाला परत. मुद्दा बरोबर आहे आणि माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच सांगतो की तिथे पार्कच्या पर्यटनातल्या उत्पन्नाचा १०% हिस्सा आजूबाजूच्या गावांसाठी जातो, बांधाच्या अलीकडचे लोक जंगल राखतात त्याला हेही एक कारण आहे. पण म्हणून माझ्या विमानाचा धूर कमी होत नाही, मान्य. तुम्ही तुमचा अनुभव लिहा की, नुसता धूर नको.

*

लिहितो. माझा प्रवास बाल्कनीपर्यंतचा.

खताचा डबा आणला. पहिल्या पंधरा दिवसांत असा वास सुटला की घरचे डब्यासकट मला बाहेर काढायच्या बेतात होते. चूक काय तर मी ओल्यावर ओलंच भरत गेलो होतो, हवा आत जायला जागाच नाही, सगळं सडलं. मग वाळलेली पानं, फाडलेले पुठ्ठे घातले, ढवळलं, चार दिवसांत वास गेला. हे सगळीकडे लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. नंतर एका सकाळी झाकण काढलं तर आतून वाफ. हात घातला तर चक्क गरम. आत ना निखारा ना वायर, डोळ्यांना दिसतही नाहीत असे कोट्यवधी जीव नुसते खातायत त्याची ऊब. तापातल्या पोराच्या कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटलं. फरक इतकाच की हा ताप आला म्हणून मी खूश होतो. आता रोज सकाळी चहाच्या आधी हात घालून बघतो, घरचे म्हणतात डबा आजारी आहे का.

*

हे आवडलं. बाय द वे, डार्विननं गांडुळांना पियानो ऐकवला होता. शेजारी कुंड्या ठेवून वाजवलं तर ढिम्म, पण कुंडी पियानोवरच ठेवून सूर दाबला की थरथर जाणवून ती बिळात गडप व्हायची. माझ्या लेकीनं हे ऐकून आमची कुंडी स्पीकरवर ठेवली. गांडुळांचं माहीत नाही, स्पीकरमध्ये माती गेली.

*

नागालँडमध्ये डोयांग धरणाच्या परिसरात अमूर ससाणे बघायला गेलो होतो. पक्षी केवढा, तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. रशियाच्या पूर्व टोकाकडून आणि उत्तर चीनमधून निघतो, ईशान्य भारतात थांबून किडे खाऊन अंगावर चरबी चढवतो आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. संध्याकाळी ते एकदम यायला लागले की आधी वाटतं धूर आहे, मग धुराला पंख फुटतात. तारांवर बसायला जागेवरून भांडणं, खाली आमच्या टोप्यांवर जो काही प्रसाद पडला तो पडला.

पण माझ्या लक्षात राहिला तो बरोबर आलेला गाववाला. २०१२ पर्यंत इथे हे पक्षी हजारोंनी जाळ्यात धरून विकले जायचे, मासेमारीचीच जाळी. मग बोंब झाली, गावांनी स्वतःच बंदी घातली आणि २०१३ च्या सीझनला शिकार थांबली. त्याच वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवून सोडले, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती, शेवटचं तर तिथल्या गावाचंच नाव. हा गडी म्हणाला, मीपण जाळं लावायचो. आम्हाला वाटायचं हा पक्षी इथलाच, दरवर्षी उगवतो आणि संपतो, तांदळासारखा. मग कोणीतरी नकाशा आणून दाखवला, आमच्या गावाच्या नावाचा पक्षी समुद्रावरून चाललाय. रोज विचारायचो आज कुठं पोचला, आज कुठं पोचला. असं सांगताना तो बोटानं हवेत रेघ ओढत होता आणि रेघ संपेपर्यंत थांबला नाही, मला वाटतं सोमालियापर्यंत नेलं असावं त्यानं बोट.

*

पायाला प्लास्टर, सहा आठवडे, खिडकीशी कॉट. बाहेर पिंपळ. इतकी वर्षं त्या घरात राहते पण पिंपळाची नवी पानं हिरवी येत नाहीत, तांबूस गुलाबी येतात, माना टाकून लोंबतात आणि मग हळूहळू ताठ होतात, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. वेळ जाईना म्हणून तारीख टाकून वहीत लिहायला लागले, कुठल्या फांदीला आधी पालवी, कुठली अजून बोडकी. प्लास्टर निघालं, वही सुटली नाही, आता सहावं वर्ष. सहा वर्षांवरून काही म्हणता येत नाही हे मला माहितीय. जपानमध्ये क्योटोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी बाराशे वर्षांच्या आहेत आणि त्यात २०२१ चा, २६ मार्चचा बहर तोवरचा सगळ्यात लवकरचा होता. त्यांच्याकडेही कोणीतरी असंच लिहायला घेतलं असणार ना, पाय मोडला म्हणून नसेल, पण घेतलं असणार.

*

फारसं लिहिता येत नाही मला. पोवळ्यांच्या बेटांवर स्नॉर्केलिंग केलं तेव्हा सगळ्यांनी रंग सांगितले होते, आवाजाबद्दल कोणीच बोललं नव्हतं. पाण्यात डोकं घातलं की तडतड तडतड, कढईत मोहरी टाकल्यासारखं. बारीक कोळंब्या नांग्या आपटतात त्याचा आवाज. पुढे एका पांढऱ्या पडलेल्या पट्ट्यावर गेलो, पाणी तापलं की पोवळी त्यांना खायला घालणारं आतलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात, लगेच मरत नाहीत, पण पाणी तसंच तापत राहिलं तर उपासमारीनं जातात. तिथे शांत होतं. तेवढंच.

*

याला पैसे नाहीत, विमान नाही, प्लास्टरपण नको. आकाश निरभ्र असेल तेव्हा सूर्य मावळल्यावर सगळे पश्चिमेकडे बघत असतात, तुम्ही पाठ फिरवा. पूर्वेला क्षितिजाला टेकून राखाडी निळा पट्टा दिसेल आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो निळा पट्टा ढग नाही, धूर नाही, ती पृथ्वीची सावली आहे, हवेवर पडलेली. पाच-दहा मिनिटं उभं राहिलं तर वर वर चढताना दिसते आणि मग रात्रीत मिसळून जाते. मला एका म्हाताऱ्या खगोलवेड्या माणसानं दाखवली होती, तोपर्यंत तीस वर्षं रोज बघून ढगच समजत होतो. ग्रहणात चंद्रावर पडते ती हीच.

*

हे वाचून आत्ता धावत गच्चीवर गेले, गॅस बंद केला की नाही ते बघायला परत खाली आले, परत वर गेले. पूर्ण ढग. पश्चिमसुद्धा नाही दिसत. उद्या परत बघते.