मदत हवी आहे: प्लाझ्माने डाईच्या पाण्याचा रंग जातो पण सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरत नाही

नमस्कार मंडळी, एम.टेक.चा प्रोजेक्ट चालू आहे, विषय कापड रंगवल्यावर निघणारं सांडपाणी. आमच्या इचलकरंजीकडे हे दुखणं शेवटी पंचगंगेच्या वाट्याला येतं म्हणून मुद्दाम हाच विषय घेतलाय. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ सारखे ॲझो डाय (नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंधाचे, म्हणजे ॲझो बंधाचे रंग) बॅक्टेरियाला सहज पचत नाहीत, साध्या ईटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून) रंग बराचसा तसाच पुढे जातो.

मी प्लाझ्मासाठी डीबीडी (डायइलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज) रिॲक्टर बनवलाय, हाय व्होल्टेज देऊन पाण्याच्या वर हवेतच डिस्चार्ज करायचा, त्यातून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात नि तेच डायचा ॲझो बंध तोडतात, बाहेरून केमिकल टाकावं लागत नाही हे मला फार आवडलं.

डिस्टिल्ड पाण्यातला डाय मस्त फिका पडतो पण खरं प्रोसेस हाऊसचं पाणी घेतलं, ज्यात रिॲक्टिव्ह डाईंगचं भरपूर मीठ असतं, की रंग कमी होतो नि सीओडी मात्र जवळपास तिथंच! मिठातलं क्लोराइड हे रॅडिकल खाऊन टाकतंय, की उरलेलं पेरॉक्साइड सीओडीच्या डायक्रोमेट टेस्टमध्ये आकडा फुगवतंय? टेस्टआधी कॅटलेज एन्झाइम टाकून पेरॉक्साइड घालवता का तुम्ही? क्लोराइडमुळे टेस्ट चुकू नये म्हणून मर्क्युरिक सल्फेट टाकतोच आहे.

अजून एक, हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रेट बनून पीएच खाली येतो, म्हणून कुणी हवेऐवजी ऑक्सिजन वापरलाय का, फरक पडला का? आधी प्लाझ्मा मग बायोलॉजिकल असं जोडून कुणी चालवलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, वीज किती जाते तेही, कारण छोट्या युनिटवाल्याला परवडलं तरच याचा उपयोग.